गाडी पुढून जड हवी होती

बाबा,

मी तुमचा थोरला मुलगा. नाव तुम्हीच ठेवलेले असल्याने ते इथे पुन्हा लिहीत नाही. वय पंचावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, अमरावतीच्या एका महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक, सेवानिवृत्तीला तीन वर्षे बाकी. तुम्हाला जाऊन बावीस वर्षे झाली. या काळात, पुढे येणारा एक प्रसंग सोडला तर, मी तुमच्याविरुद्ध कोणापाशीही एक शब्द काढलेला नाही, हे आधी नमूद करतो, कारण आजचे पत्र ही तक्रार आहे. ती एका होडीबद्दल आहे, ती होडी ओढून नेण्याबद्दल आहे, आणि तुम्ही मला शिकवलेल्या एका नियमाबद्दल आहे, जो तुम्ही अर्धाच शिकवलात.

धाकटा अजून पाण्यावरच आहे. आपल्या गावची पूर्णा आता पावसाळा सोडला तर नदी म्हणवत नाही. ते तुमच्या डोळ्यांदेखतच सुरू झाले होते. म्हणून तो सासुरवाडीला, अकोटच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणावर गेला, तिथल्या मच्छीमार संस्थेचा सभासद झाला, आणि तुम्हीही शेवटची चार वर्षे त्याच्याकडे काढलीत. तिथे तुम्ही काय केलेत ते सगळ्या धरणाला माहीत आहे. डोंगा कुजला होता, नव्याला लाकूड मिळत नव्हते. तेव्हा तुम्ही अकोटच्या दुकानांतून टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतला थर्माकोल जमवलात, खताच्या पोत्यांत भरून जुन्या जाळ्याने आवळलात, आणि त्यावर पालथे पडून, हातांनी पाणी मारत, जाळी टाकायला निघालात. त्या धरणावर असे पहिले तुम्ही. आज तिथे निम्म्याहून अधिक लोक तसेच मासे धरतात. धाकट्याने पोती बदलली, जाळे बदलले, आतला थर्माकोलसुद्धा बदलला, तरी तो त्याला ‘बाबाचा थर्माकोल’च म्हणतो. यात तर्क कुठे आहे ते मी त्याला दोनदा विचारले आहे.

मागल्या हिवाळ्यात एका दुपारी वारा सुटला, पोती उसवली, थर्माकोलचे तुकडे झाले, आणि धाकटा धरणात बुडालेल्या एका बाभळीच्या शेंड्याला धरून साडेतीन तास थंड पाण्यात राहिला. मला फोन त्याच्या बायकोचा आला. “भाऊजी, आता तुमीच सांगा याहिले. माह्यं आयकत नाईत. उद्या नवीन पोतं शिवतो म्हन्तेत.” मी त्याला फोनवर घेतले आणि म्हणालो की तू बुडता बुडता वाचला आहेस, याची तुला कल्पना आहे का. तो म्हणाला, “बुडलो कुठी, दादा? झाडाले धरून होतो नं.” मी म्हटले, साडेतीन तास. “मंग काय झालं? झाडाले कुठी जायचं होतं?” त्याचे वय एकावन्न आहे, बाबा. त्याचा उजवा खांदा तेव्हापासून पुरता वर जात नाही. त्याच रात्री मी ठरवले की त्याला होडी करून द्यायची, इंजिनाची, बसून मासे धरता येतील अशी. त्याने नको म्हटले. मी दर रविवारी फोन करून तोच विषय काढला. शेवटी कंटाळून त्याने अट घातली. “आन तू. पन पान्यापर्यंत तूच आनायची. रस्त्यात मले हात लावायचं काम पडलं नाई पायजे. लागला हात, तं मी बसत नाई. नाई लागला, तं बाबाचा थर्माकोल चुलीत टाकतो.” मी अट मान्य केली. गेले दहा महिने मी त्या एका वाक्यावर काढले.

अमरावतीत होडी करणारा एकच माणूस सापडला. तो फायबरच्या पाण्याच्या टाक्या करतो, मंगल कार्यालयांचे खोटे खांब करतो, आणि बागांतल्या तळ्यांसाठी पायाने चालवायचे हंस करतो. मी त्याला लांबी सोळा फूट, रुंदी साडेचार फूट, तळ सपाट, मागे इंजिन बसवायची फळी, असा टंकलिखित कागद दिला. त्याने तो नीट वाचला आणि विचारले, “चोच लावायची काय, साहेब?” मी सांगितले की ही मासे धरायची होडी आहे. “मंग तं चोच पायजेच,” तो म्हणाला. तो थट्टा करतो आहे की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, कारण तिसऱ्या भेटीत होडीचे तोंड मी दिलेल्या मापापेक्षा पाऊण फूट वर उचललेले निघाले. आणखी आठवडाभर गेलो नसतो तर त्याला मान फुटली असती. मी ते कापून घेतले. रंग निळा सांगितला होता. तो पांढरा आला, कारण हंसांचा रंग उरला होता. मी त्याच्यासमोर उभा राहून दुसरा हात निळा मारून घेतला, तरी उन्हात खालचा पांढरा दिसतोच.

इंजिन आठ अश्वशक्तीचे, बाहेरगावाहून मागवले. सागवानी वल्ही दोन, नांगर एक, दोर, तळाच्या भोकाचे बूच एक आणि जास्तीचे बूच एक, तरंगते जॅकेट दोन, पेट्रोलची टाकी, पाणी उपसायचे टोपले. मी यादी केली होती आणि प्रत्येक वस्तू जागेवर बसल्यावर तिच्यासमोर खूण केली होती. बूच दोनदा लावून, होडीत पाणी भरून, रात्रभर ठेवून पाहिले. थेंबही गळला नाही. मी हे सांगतो आहे ते कौतुकासाठी नाही. पुढे जे झाले ते निष्काळजीपणातून झाले नाही, ते काळजीतून झाले, हे तुम्हाला कळावे म्हणून सांगतो आहे.

होडी ओढून न्यायला दोन चाकी ट्रॉली करायची होती. बडनेरा रस्त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणारा एक लोहार आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने सांगाडा जोडला आणि विचारले, “साहेब, चाकं कुठी घेऊ? पुढं का मागं?” या प्रश्नाचे उत्तर देताना मी क्षणभरही थांबलो नाही. मी म्हणालो की इंजिन, टाकी, सगळे मागे बसल्यावर पुढचे टोक एका हाताने उचलता आले पाहिजे, त्या मापाने चाके घे. तो खूश झाला. “बराबर. बैलाची मान मोकळी पायजे,” तो म्हणाला. त्याचा बाप बैलगाडीवाला होता. काम झाल्यावर मी ट्रॉलीचे पुढचे टोक दोन बोटांनी उचलून दाखवले, तेव्हा त्याच्या आवारातली चार माणसे काम थांबवून पाहायला आली. इतका समाधानी मी कार्यालयात कधी झालो नव्हतो.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल का, मला माहीत नाही. उन्हाळा आहे. पूर्णेचे पाणी तुटून नुसते डोह उरले आहेत, आणि आपला डोंगा वरच्या डोहातून खालच्या डोहात न्यायचा आहे. मी सातवीत. डोंगा गाडीवर पालथा घातलेला आहे, बैल जुंपलेले आहेत, आणि मलाही कामाचे समजते हे दाखवायला मी जाळ्यांचे गठ्ठे, नांगराचा दगड, पाण्याचा हंडा असे सगळे पुढे रचले आहे, कारण तिथे जागा मोकळी होती आणि रचल्यावर ते नीटनेटके दिसत होते. तुम्ही येता. पाहता. बैल सोडता, बाभळीला बांधता, आणि मला म्हणता, “इकडे ये. जू घे मानेवर.” मी घेतो. “उभा राह्य.” तुम्ही शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून बिडी पेटवता. बिडी अर्धीही होत नाही तोच मी रडू लागतो. “काहून रडतं? बैल रडते काय?” तुम्ही बिडीने नदीच्या खालच्या अंगाला दाखवता. “चार कोस हाय खालचा डोह. त्याले तोंड नाई म्हनून तू काई बी ठेवशीन त्याच्या मानेवर?” मग तुम्ही उठता आणि एकेक वस्तू मागे सरकवता, आणि प्रत्येक वेळी मला विचारता, “आता?” मी मान हलवून नाही म्हणतो. हंडा मागे जातो. “आता?” दगड मागे जातो. शेवटी जू माझ्या मानेवर नुसते टेकते, कोणी खांद्यावर हात ठेवावा तसे. तुम्ही म्हणता, “हे ध्यानात ठेव. गाडी हाय एवढंच बैलाले समजलं पायजे. वझं नाई समजलं पायजे.”

मी ध्यानात ठेवले. तुम्ही मला शिकवलेली पाण्याकडची ती एकच गोष्ट आहे, आणि ती शिकवतानाही आपण काठावरच होतो. त्यानंतरच्या वर्षी तुम्ही स्वयंपाकघरात, आई भाकरी थापत असताना, आमच्या दोघांची वाटणी केलीत. मला डोंग्यात बसायची बंदी झाली, कारण मी शिकणार होतो आणि मला काही झाले तर सात वर्षांची शाळा वाया जाणार होती. धाकट्याची शाळा चौथीतच सुटली होती, त्यामुळे त्याच्यात वाया जाण्यासारखे काही नव्हते. हे तुम्ही त्याच्या देखत बोललात, आणि तो हसला. मी अमरावतीच्या वसतिगृहात गेलो. सुटीत आलो की तुम्ही माझ्या ताटातल्या माशाचे काटे स्वतः काढून देत होता आणि धाकटा काट्यांसकट खात होता. मी काय पाहुणा होतो, बाबा? मला पोहता येत नाही. मला वल्हवता येत नाही. मला माशाचे काटे अजून नीट काढता येत नाहीत, घरी बायको काढून देते. मला तेवढा एक बैलाच्या मानेचा नियम आला, आणि मी तो जन्मभर पाळला. परीक्षेच्या पेट्या रिक्षात भरतानासुद्धा मी शिपायाला सगळ्या पुढे रचू देत नाही.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तक्रार एकांगी वाटणार नाही. ट्रॉली गाडीला अडकवायच्या कड्याबरोबर एक छापील पत्रक आले होते. त्यात स्पष्ट लिहिले होते की एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग पुढच्या कड्यावर दाबून बसला पाहिजे, नाहीतर ओढताना ट्रॉली डोलू लागते. मी ते दोनदा वाचले. छापील सूचना मी नोकरीत कधी डावललेली नाही. माझ्या हाताखालची माणसे यावरूनच मला हसतात. ही डावलली. समासात पेन्सिलीने ‘आपल्याकडे लागू नाही’ असा शेरा मारला आणि खाली सही केली. एका बाजूला कारखान्याचे पत्रक होते, दुसऱ्या बाजूला तुम्ही होता, आणि मी मानेवर जू घेऊन उभा राहिलेलो होतो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. धाकटा आदल्या दिवशी एस.टी.ने अमरावतीला आला होता, अट पाळली जाते की नाही हे पाहायला. जीपच्या मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसला, आणि मुद्दाम दोन्ही हात काखेत दाबून मला दाखवत होता. जीप आणि ड्रायव्हर भाड्याचे. ड्रायव्हर चाळिशीचा, मिशीवाला, शांत माणूस. त्याला मी पन्नासच्या वर जायचे नाही असे लिहूनच दिले होते. वलगावपर्यंत गर्दीमुळे हळू गेलो, पुढे रस्ता खराब होता म्हणून हळू गेलो, आणि दर्यापूरला चहा घेताना मी धाकट्याला म्हणालो की अर्ध्याहून अधिक रस्ता संपला. तो म्हणाला, “अजून पान्यापर्यंत पोचलो नाई.” दर्यापूर ओलांडून अकोटच्या रस्त्याला लागलो. रस्ता नवा, सरळ, रिकामा. ड्रायव्हरने वेग घेतला. थोड्या वेळाने तो आरशात पाहत म्हणाला, “साहेब, मागून कोनी ढकलून राह्यलं काय?” मी वळून पाहिले. होडी डावीकडे जात होती, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दर वेळी जास्त. धाकटा म्हणाला, “शेपूट हालवून राह्यली.” ड्रायव्हरने ब्रेक दाबला. तो दाबायला नको होता, हे मला आता माहीत आहे. कडे सुटले. जीप रस्त्यावर आडवी थांबली, आणि तुमच्या धाकट्यासाठी दहा महिने खपून केलेली होडी ट्रॉलीसकट आमच्या शेजारून, आमच्याआधी, उतारावरून कपाशीत शिरली.

कोणाला काही लागले नाही. दहा-बारा झाडे आडवी झाली. ट्रॉली काळ्या मातीत रुतून थांबली, होडीचे शेपूट जमिनीला आणि तोंड आभाळाकडे. त्या शेतात कापूस वेचणाऱ्या चार-पाच बाया होत्या. त्यांतली एक म्हातारी ओटीतला कापूस सावरत जवळ आली, होडीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “कावो भाऊ, धरन फुटलं काय?” दुसरी म्हणाली, “सरकार आता वावरात बी नाव देते वाटते.” मी ड्रायव्हरला बोललो. “वेगमर्यादा मी लेखी दिली होती आणि तुम्ही तिचे उल्लंघन केले,” असे मी त्या बायांसमोर मोठ्या आवाजात बोललो. तो म्हणाला, “पंचावन्नवर होतो, साहेब. पाचानं काय होते?” त्याचे बरोबर होते. परतीच्या वाटेवर मी त्याची क्षमा मागितली. तो “जाऊ द्या” म्हणाला, पण त्यानंतर अमरावतीपर्यंत बोलला नाही.

धाकटा तोवर होडीभोवती फिरत होता, हात अजून काखेत. मग त्याने करंगळी काढली, ट्रॉलीच्या पुढच्या टोकाखाली घातली, आणि ते टोक वर गेले. तो खाली कपाशीच्या तासात बसला आणि हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

“हे कोनं भरलं, दादा?”

“मी.”

“पार उलाळ भरली नं बे. बूड खाली, तोंड वर. अशी काहून भरली?”

“उलाळ नाही. समतोल आहे. ओझे पुढे येता कामा नये. बाबांनीच सांगितलेले आहे.”

“बाबानं? ते बैलाचं हाय.”

“मग?”

“मंग काय? जीपले कुठी मान हाय?” त्याने डोळे पुसले. “तुले नाई सांगतलं बाबानं? आपला तांबडा बैल मेला, तवा गुरुजीच्या टॅक्टरमागं बांधून नेला होता डोंगा. पह्यल्या दिवशी गाडी अशीच नागासारखी वळवळली, दांडी मोडली. दुसऱ्या दिवशी बाबानं पाट्याएवढे तीन दगड पुढं ठेवले. मले म्हने, बैलाले मान असते, टॅक्टरले नसते, याच्यावर दाबून ठेव. दोन गड्याइले उचलता आलं पायजे, एकाले नाई. तवापासून आमी तसंच नेत होतो.” मग त्याने माझ्याकडे पाहिले आणि हसू आवरले. “हो, तू तवा अमरावतीले होता.”

मी तेव्हा अमरावतीला होतो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. बाबा, त्या वर्षी तुम्ही गुरुजींच्या हाताने मला दर पंधरा दिवसांनी एक कार्ड लिहवून घेत होता. तांबडा बैल मेल्याचे त्यात होते. मावशीच्या मुलीचे लग्न ठरल्याचे होते. आईचा गुडघा होता. प्रकृतीस जप, अभ्यास कर, हे प्रत्येकात होते. ज्यांच्या ट्रॅक्टरमागे डोंगा बांधला त्याच गुरुजींच्या हातात लेखणी होती आणि समोर तुम्ही बसला होता, आणि दोघांपैकी एकालाही वाटले नाही की ही गोष्ट थोरल्याला कळवावी. मी त्या कपाशीत उभा राहून तुम्हाला बोललो. धाकट्यासमोर, ड्रायव्हरसमोर, परक्या बायांसमोर बोललो. जू मानेवर देता आणि दगड का सांगत नाही, एकाला नियम शिकवता आणि दुसऱ्याला त्याचा अपवाद शिकवता, म्हणजे दोघांपैकी एकाचेही शिक्षण पुरे होत नाही, ही कुठली पद्धत, असे बरेच बोललो. म्हातारीने शेजारणीला विचारले, “कोनाले बोलून राह्यले हे?” शेजारीण म्हणाली, “बापाले.” “कुठी हाय बाप?” “तेच तं.”

उत्तर धाकट्याने तुमच्या वतीने दिले, फार साधे. तो म्हणाला, “कशाले कळवतीन? तुले कधी डोंगा न्यायचा होता?” त्यामुळे मी अधिकच चिडलो.

मग त्याने हात लावला. इंजिन सोडून काढले, गोणपाटावर आडवे करून होडीच्या तोंडाशी ठेवले. पेट्रोलची टाकी, नांगर, दोर पुढे नेले. धुऱ्यावरचे दोन दगड उचलून आणले; उजवा खांदा वर जात नाही म्हणून छातीशी धरून आणले. प्रत्येक वस्तू ठेवल्यावर तो पुढचे टोक उचलून पाही आणि मला म्हणे, “आता तू पाह्य.” मी उचलून पाही. शेवटी मला एकट्याला ते उचलेना, आणि दोघांना उचलले. बायांनी, ड्रायव्हरने आणि आम्ही मिळून ट्रॉली रस्त्यावर चढवली. शेताचा मालक आला तेव्हा मी आडव्या झाडांबद्दल दिलगिरी व्यक्त करू लागलो, त्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “ह्याच्यात बसून फोटो काढू काय?” काढला. तिथून धरणापर्यंत होडी पंचावन्नवर नेली, साठवर नेली, ती सुतासारखी सरळ आली. मी सारा रस्ता मागे वळून पाहत होतो. धाकटा झोपला होता.

धरणावर संस्थेचे दहा-बारा जण जमले होते. होडी पाहून एकाने विचारले, ही कोणत्या बागेतून पळून आली. धाकट्याच्या बायकोने तिला कुंकू लावले, नारळ फोडला. ट्रॉली मागे मागे घेत पाण्यात उतरवली, चाकांमागे दगड दिले, होडी सरकली आणि तरंगली. इंजिन पुन्हा मागे चढवले, बूच मी दोनदा पाहिले. सगळे झाल्यावर लोक धाकट्याकडे पाहू लागले. त्याची अट त्यांनाही ठाऊक होती. तो पाण्यात गुडघाभर उभा होता आणि बायको काठावर, पदराचे टोक मुठीत धरून. मी म्हणालो, “तुझा हात लागला. अट मोडली, हे मला मान्य आहे.” त्याने होडीच्या कडेवर हात ठेवला. मग म्हणाला, “पन्नास वर्सात बाबाले उलटून बोलला नाई तू. आज बोलला. हात लागला त्याच्या बदल्यात ते मोजता येते काय, पाह्यतो.” आणि बसला. दोरी ओढली, इंजिन दुसऱ्या झटक्यात लागले, आणि तो बुडालेल्या बाभळींच्या बाजूने लांब गेला. मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. त्याच्या बायकोने पदर सोडला आणि डोळ्यांना लावला. मला वाटले, झाले.

तिथेच थांबलो असतो तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. कालपर्यंत मी रोज संध्याकाळी फोन करून होडी कशी आहे विचारत होतो आणि तो “बेस हाय” म्हणत होता. काल संस्थेच्या चौकीदाराने मला मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली, अर्ध्या मिनिटाची, कौतुकाने. सकाळची वेळ आहे. होडी बाभळीच्या शेंड्याला बांधलेली, रिकामी. एक तरंगते जॅकेट इंजिनाला घातलेले आहे, ऊन लागू नये म्हणून, पट्टे नीट आवळून. होडीच्या मागे वीसेक हात दोर, आणि दोराच्या टोकाला खताच्या पोत्यांत शिवलेला थर्माकोल. त्यावर धाकटा पालथा पडून जाळे ओढतो आहे. तो रोज होडीमागे थर्माकोल बांधून ओढत नेतो, तिथे पोचल्यावर होडी झाडाला बांधतो, आणि पालथा पडून मासे धरतो. मग पुन्हा होडीत बसून परत येतो. चौकीदाराने खाली लिहिले आहे, ‘साहेब, तुमच्या नावेचा लई फायदा झाला, आता थर्माकोल वल्हवायचं काम नाई.’

मी ती चित्रफीत अकरा वेळा पाहिली. जितके चिडायला हवे तितका चिडलो, दोन तास. मग हेही ध्यानात आले की वारा सुटला तर होडी आता त्याच्यापासून वीस हातांवर आहे, आणि मागल्या हिवाळ्यात तिथे झाडाशिवाय काहीच नव्हते. त्याच्या बायकोला मी काल सांगितले की तो होडीतूनच मासे धरतो. मी खोटे बोललो. त्याला मात्र मी काहीच बोललेलो नाही, आणि बोलणारही नाही. बोललो तर तो एकच प्रश्न विचारेल, की बाबा असते तर ते कशावर पडून मासे धरते. त्याचे उत्तर मला माहीत आहे, आणि ते मला त्याच्यासमोर द्यायचे नाही.

तुमचा थोरला
अमरावती
रविवार, मार्गशीर्ष